मुक्काम बदलला, परवाना मागे राहिला

डेलावेअर नदीवरचा बेंजामिन फ्रँकलिन पूल गाडीने ओलांडायला काही मिनिटे पुरतात. अलीकडे पेन्सिल्वेनियातले फिलाडेल्फिया, पलीकडे न्यू जर्सीतले कॅम्डेन. अलीकडच्या काठावर माणसाने रीतसर अर्ज केला, गुन्ह्यांच्या नोंदींची छाननी पार केली आणि २० डॉलर भरले, की पिस्तूल कपड्यांआड बाळगण्याचा ५ वर्षांचा परवाना हाती पडतो. प्रशिक्षणाची अट नाही. पलीकडच्या काठावर या कागदाला किंमत शून्य. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही, आणि परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा तिथे दुसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षे, त्यातले निदान ४२ महिने पॅरोलशिवाय. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक एकटी आई न्यू जर्सीत वाहतुकीच्या साध्या चौकशीसाठी थांबवली गेली. ‘माझ्याकडे पिस्तूल आहे आणि परवानाही आहे,’ असे तिने आपणहून पोलिसाला सांगितले आणि तिला अटक झाली. पुढे सरकारी वकिलांनी नमते घेतले, २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफीही दिली. अमेरिकेत परराज्याच्या परवान्याची चर्चा निघाली की असाच प्रवासी डोळ्यांपुढे येतो: चार दिवसांसाठी गेलेला, परत येणारा. या लेखाचा विषय मात्र परत न येणारा माणूस आहे. नोकरी लागली, लग्न झाले, घरभाडे परवडेना झाले, म्हणून ज्याने बिऱ्हाडच हलवले तो. अमेरिकेच्या जनगणना खात्यानुसार २०२२ मध्ये सुमारे ८२ लाख लोकांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवले. परवानाधारकांची संख्या २ कोटींच्या वर मानली जाते. या दोन गर्दींतला सामाईक भाग लहान असणार नाही.

प्रवाशाला निदान एक सोपा मार्ग असतो: पिस्तूल घरी ठेवून निघावे. बिऱ्हाड हलवणाऱ्याचे घरच ट्रकमध्ये असते. त्याच्यासाठी नियम काय असावा, याचे माझे उत्तर दोन तुकड्यांत आहे, आणि ते दोन्ही तुकडे एकत्र धरणारे लोक अमेरिकेतल्या या वादात कमी आढळतात. नव्या राज्याने ‘आता तू आमचा रहिवासी, आमचाच परवाना घे’ असे म्हणणे रास्त आहे. पण असे म्हणणाऱ्या राज्याने जुना परवाना कोणत्या दिवसापर्यंत चालेल हे नेमके सांगितले पाहिजे आणि नवा परवाना त्या दिवसाआधी हातात पडेल अशी सोय केली पाहिजे. पहिला हक्क राज्ये हिरिरीने बजावतात. दुसरे कर्तव्य मोजक्याच राज्यांनी अंगावर घेतले आहे.

पहिला तुकडा आधी. शस्त्रवाद्यांचा आवडता युक्तिवाद ड्रायव्हिंग लायसन्सचा: टेक्सासचे लायसन्स मेनमध्ये चालते, मग पिस्तुलाचा परवाना का नाही? राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदाने एका राज्याच्या न्यायनिवाड्यांना दुसऱ्या राज्यांत मान दिला असला, तरी त्या तरतुदीचा परवान्यांना आपोआप उपयोग होत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालते ते राज्यांनी आपापल्या कायद्यांनी आणि आपसातल्या करारांनी ते चालवून घेतले म्हणून. वकिलाची सनद किंवा डॉक्टरची नोंदणी अशी चालवून घेतलेली नाही. शिवाय हा युक्तिवाद करणारे एक गोष्ट विसरतात. ड्रायव्हिंग लायसन्स पाहुण्याचे चालते, राहायला आलेल्याचे चालत नाही. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर ते १० दिवसांत बदलून घ्यावे लागते, न्यूयॉर्कमध्ये ३०, न्यू जर्सीत ६०, टेक्सासमध्ये ९० दिवसांत. म्हणजे हा दाखला नीट लावला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. जुने लायसन्स काही दिवस चालते, ते किती दिवस हे छापलेले असते, आणि तोवर गाडी चालवणारा गुन्हेगार ठरत नाही.

नवा परवाना मागण्याला सबळ कारण आहे, कारण ‘परवाना’ या एकाच नावाखाली राज्याराज्यांत फार वेगळ्या गोष्टी दिल्या जातात. पेन्सिल्वेनियात प्रशिक्षण शून्य. इलिनॉयमध्ये १६ तास. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून १६ तास वर्गात आणि २ तास प्रत्यक्ष नेमबाजी. मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवताच पिस्तूल जवळ असल्याचे आपणहून सांगावे लागते. इतर अनेक राज्यांत विचारल्याशिवाय सांगण्याचे बंधन नाही. कोलोरॅडोत मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त गोळ्या नकोत, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात १० पेक्षा. ग्लॉक १७ हे अमेरिकेत मुबलक दिसणारे पिस्तूल १७ गोळ्यांच्या मॅगझिनसह येते, त्यामुळे पिस्तूल तेच, माणूस तोच, तरी नव्या गावात मॅगझिनच बेकायदा. हे नियम पाहुण्याला माहीत नसले तर समजून घेता येईल. जो इथेच राहणार, शेजारच्या दुकानात रोज जाणार, त्याने ते शिकूनच यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. मुक्काम आणि परवाना यांची फारकत झाली की काय होते, तेही पेन्सिल्वेनियात दिसले. फ्लोरिडा परराज्यातल्यांनाही परवाना देते. फिलाडेल्फियात अर्ज नाकारला गेलेले काही रहिवासी फ्लोरिडाचा परवाना मागवत आणि दोन राज्यांतल्या कराराच्या आधारे आपल्याच शहरात पिस्तूल घेऊन फिरत. ज्या पोलिसांनी ‘नाही’ म्हटले त्यांच्याच डोळ्यांसमोर हे चाले. २०१३ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरल कॅथलीन केन यांनी करार बदलून ही पळवाट बुजवली. स्थानिक छाननीला अर्थ उरायचा असेल तर राहत्या राज्याचा शब्द शेवटचा असायला हवा, हे या प्रकरणाने पुरेसे दाखवले.

आता दुसरा तुकडा. गाडे खरे अडते ते इथेच. माणूस नव्या राज्याचा ‘रहिवासी’ नेमका कधी होतो? पिस्तुलाच्या खरेदीबाबत केंद्र सरकारची व्याख्या अशी की, घर करण्याच्या इराद्याने जिथे तुम्ही हजर आहात ते तुमचे राज्य. इरादा आणि हजेरी एकत्र आली की झाले. ट्रक अंगणात उभा राहिला त्याच संध्याकाळी तुम्ही रहिवासी. परवान्याच्या कायद्यांत मात्र प्रत्येक राज्याने आपले घड्याळ वेगळे लावले आहे. फ्लोरिडाचा कायदा नव्या रहिवाशाला जुन्या परवान्यावर ९० दिवस देतो आणि दिवस मोजायचे ते तीन कृतींपैकी एखादीपासून: मतदार नोंदणी, कायम वास्तव्याचे जाहीरनामापत्र, किंवा राहत्या घरावरच्या करसवलतीचा अर्ज. या तिन्ही गोष्टी माणूस स्वतः करतो आणि तिन्हींवर तारीख पडते, ही मोठी सोय. पण भाड्याने राहणारा आणि मतदार नसलेला माणूस सहसा यातले काहीच करत नाही. त्याचे घड्याळ सुरू कधी होते हे कायद्यात शोधून सापडत नाही. कोलोरॅडोही ९० दिवसच देते, पण मोजते राज्याच्या ओळखपत्रावरच्या तारखेपासून. ओहायोची मुदत सहा महिन्यांची. तेव्हा एकाच माणसाने एका वर्षात दोनदा नोकरी बदलली, तर तीच वागणूक एका राज्यात कायदेशीर, दुसऱ्यात नव्वदाव्या दिवसापर्यंत कायदेशीर आणि तिसऱ्यात पहिल्या दिवसापासून गुन्हा ठरू शकते, आणि यातले काहीही त्याच्या जुन्या परवान्यावर लिहिलेले नसते.

मिशिगनची पद्धत मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते, कारण तिच्यात कडकपणा आणि समंजसपणा शेजारी शेजारी बसले आहेत. मिशिगन परराज्याचा परवाना मानते तो धारकाच्या राहत्या राज्याने दिलेला असेल तरच. त्यामुळे ओहायोचा माणूस डेट्रॉइटला राहायला आला की त्याचा ओहायोचा परवाना तत्क्षणी निरुपयोगी. अर्ज करायचा तर सहा महिन्यांचे वास्तव्य लागते. मात्र राहायला आला तेव्हा ज्याच्याकडे दुसऱ्या राज्याचा चालू परवाना होता, त्याला ही सहा महिन्यांची अट माफ आहे. जुना कागद परवाना म्हणून चालत नाही, पण ‘या माणसाची एकदा छाननी झाली आहे’ असा पुरावा म्हणून चालतो. त्यापुढची तरतूद आणखी चांगली. बोटांचे ठसे दिल्यावर ४५ दिवसांत काउंटी क्लार्कने परवाना किंवा नकार दिला नाही, तर ठशांच्या वेळी मिळालेली पावतीच, सरकारी ओळखपत्र जवळ असेल तर, परवाना म्हणून वापरता येते. दिरंगाई खात्याची असेल तर तिचा भुर्दंड अर्जदारावर पडत नाही. फ्लोरिडाची मुदत आणि मिशिगनची पावती एकत्र आणली असती तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

वाचणाऱ्याला वाटेल, एव्हाना हा प्रश्न शिळा झाला असेल. व्हरमाँटने तर कधी परवाना मागितलाच नाही, देतही नाही. अलास्काने २००३ मध्ये आणि ॲरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची सक्ती काढली; टेक्सास २०२१ मध्ये, फ्लोरिडा २०२३ मध्ये त्या वाटेने गेले. २०२४ पर्यंत अशी २९ राज्ये झाली. ओहायोही त्यांत आहे, म्हणजे तिथली सहा महिन्यांची मुदत आता बऱ्याच अंशी कागदोपत्री उरली. मग परवान्याचा घोळ राहिला कुठे? तो राहिला शाळेजवळ. केंद्राचा शाळा-परिसर शस्त्रबंदी कायदा १९९० चा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोपेझ खटल्यात तो रद्द केला, काँग्रेसने पुढच्याच वर्षी दुरुस्त करून पुन्हा आणला. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांत, म्हणजे साधारण ३०० मीटरांत, पिस्तूल बाळगायला बंदी. अपवाद कोणाला? ज्या राज्यात ती शाळा आहे त्या राज्याने परवाना दिलेल्याला. शब्द इतके नेमके आहेत की दुसऱ्या राज्याचा परवाना, नव्या राज्याने तो मानला असला तरी, या अपवादात बसत नाही. आणि परवान्याची गरजच नसलेल्या राज्यात परवाना न काढलेला माणूसही बसत नाही. रिकामे पिस्तूल कुलूपबंद पेटीत ठेवले तर गोष्ट निराळी. पण अमेरिकन शहराच्या नकाशावर प्रत्येक शाळेभोवती ३०० मीटरांचे वर्तुळ काढून पाहा; त्यांतून न जाता किराणा आणायला जाणे कठीण. फ्लोरिडाने उदारपणे दिलेले ९० दिवस या वर्तुळात शिरताच निष्प्रभ होतात, कारण राज्याची मेहेरबानी केंद्राला बांधत नाही. एवढ्याच कारणावरून फारसे खटले भरले जात नाहीत, हे खरे. पण न भरलेला खटला सरकारी वकिलाच्या खिशात राहतो, आणि तो कोणावर बाहेर काढायचा हे त्याच्या मर्जीवर राहते. ज्यांना बंदुकांचा तिटकारा आहे त्यांनीही या मर्जीची काळजी करावी. अमेरिकेत ती आजवर कोणत्या रंगाच्या लोकांवर जास्त चालली हे त्यांना सांगायला नको.

बिऱ्हाड हलवताना वाटेत काय, याचे उत्तर १९८६ च्या केंद्रीय कायद्यात आहे. पिस्तूल रिकामे, हाताला न येईल असे, कुलूपबंद. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही जागी ते बाळगणे कायदेशीर असले तर मधल्या राज्याने अडवू नये. वाचायला छान. यूटाच्या एका प्रवाशाचे न्यूअर्कला पुढचे विमान चुकले, तो सामान घेऊन रात्रीपुरता हॉटेलात गेला, सकाळी विमानतळावर पिस्तूल नियमाप्रमाणे जाहीर केले आणि पकडला गेला. २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालय म्हणाले की बॅग हॉटेलात नेली तेव्हा पिस्तूल त्याच्या हाताशी आले आणि संरक्षण संपले. बिऱ्हाड घेऊन देश ओलांडणारा माणूस वाटेत किती रात्री मोटेलात काढतो, याचा विचार कायद्याच्या मजकुरात झालेला नाही. कोलोरॅडोहून न्यू जर्सीत परतलेल्या एका तरुणाचे प्रकरण याहून बोलके. पिस्तुले कोलोरॅडोत रीतसर घेतलेली, सापडली गाडीच्या डिकीत, सामानाबरोबर. न्यू जर्सीच्या कायद्यात एका घरातून दुसऱ्या घरी हलताना पिस्तूल नेण्याला चक्क सूट आहे. पण ती सूट ज्यूरीला सांगायला न्यायाधीशांनी नकार दिला, आणि २०१० मध्ये त्याला ७ वर्षांची शिक्षा झाली. त्याच डिसेंबरात क्रिस्टींनी ती कमी करून त्याला सोडले. पुढे अपिलात पिस्तुलांबाबतचा दोषही पुसला गेला. एकाच गव्हर्नरला अशा प्रकरणांत एकापेक्षा अधिक वेळा दया दाखवावी लागली, ही त्या कायद्याच्या मसुद्यावरची टीकाच म्हणायची.

आक्षेप पहिला, उजवीकडून: शस्त्र बाळगणे हा दुसऱ्या घटनादुरुस्तीने मानलेला हक्क आहे, मग राज्याची सीमा ओलांडताना तो पुन्हा मागायचा का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क ६ विरुद्ध ३ मतांनी मान्य केला आणि ‘खास कारण दाखवा’ ही न्यूयॉर्कची अट उडवली. पण त्याच निकालाच्या नवव्या तळटीपेत न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ठरावीक निकषांवर सर्वांना मिळणाऱ्या परवान्याची पद्धत संशयास्पद नाही असे म्हटले, आणि जोडीला बजावले की फार लांबलेली प्रतीक्षा किंवा अवाच्या सवा शुल्क यांनी हक्कच हिरावला जात असेल तर आव्हान देता येईल. माझी दोन तुकड्यांची भूमिका या एका तळटीपेत मावते. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या रहिवाशाबाबत हेच धरले की शेजारच्या राज्यात परवाना लागत नाही म्हणून इथे तो लागणार नाही असे होत नाही. लॉस एंजेलिसमध्ये अर्ज दीड वर्ष रखडल्याच्या तक्रारीवर २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने काही अर्जदारांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. नवागताबद्दल सर्वांत उपयोगी निकाल तर बंदुकीचा नाहीच. कॅलिफोर्निया नव्याने आलेल्या गरिबांना पहिले वर्ष त्यांच्या जुन्या राज्याइतकीच मदत देत असे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ते मोडले: आलेला माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण रहिवासी आहे, जुने राज्य त्याच्या पाठीवर शिक्क्यासारखे वागवता येणार नाही. मदत कॅलिफोर्नियाच्या दराने मिळायची असेल तर पिस्तुलाचे नियमही कॅलिफोर्नियाचेच लागू होणार.

आक्षेप दुसरा, डावीकडून: मुळात हातात बंदूक असलेले लोक कमी हवेत, मग मध्ये काही महिने त्यांना पिस्तूल कपाटात ठेवावे लागले तर बिघडले काय? या आक्षेपामागचा पुरावा हलका नाही. जॉन लॉट यांनी १९९८ च्या पुस्तकात परवाने वाढले की गुन्हे घटतात असे मांडले, पण २००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीला तो निष्कर्ष टिकण्याजोगा वाटला नाही, आणि जॉन डॉनह्यू व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात सैल परवाना कायदे करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण अन्यथा असते त्याहून १३ ते १५ टक्के जास्त आढळले. मला हा दुसरा अभ्यास जास्त पटतो. पण त्यातून निघते ते परवाना कोणाला द्यावा याबद्दल. परवाना आधीच पडताळून मिळालेल्या माणसाला तारखेच्या चुकीवर साडेतीन वर्षे आत टाकावे, असे त्यातून निघत नाही. अस्पष्ट मुदत धोकादायक माणसाला वेचून काढत नाही, कारण धोकादायक माणूस परवान्यासाठी थांबलेलाच नसतो. ती पकडते पोलिसाला खरे सांगणाऱ्याला. पिस्तूल कपाटातच राहावे असे राज्याला वाटत असेल तर तसे सरळ लिहावे, मिशिगनने लिहिले आहे.

तिसरा प्रस्ताव केंद्राने एका फटक्यात सगळे सोडवण्याचा: कोणत्याही राज्याचा परवाना सर्वत्र चालेल. सिनेटमध्ये २०१३ साली त्याला ५७ मते पडली, ६० हवी होती. २०१७ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने तो २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केला, पुढे तो सिनेटमध्ये विरला. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे रिचर्ड हडसन यांनी पुन्हा आणला. एरवी राज्यांच्या अधिकारांचा जप करणारा पक्षच यामागे उभा आहे, ही गंमत बाजूला ठेवू. त्यात मोठी खोट ही की परवाना राहत्या राज्यानेच दिलेला असावा असे २०१७ च्या मसुद्याने बंधन घातले नव्हते. म्हणजे पेन्सिल्वेनियाने बुजवलेली पळवाट देशभर उघडायची. प्रवाशाचा खरा त्रास पुढे करून रहिवाशाची छाननी मोडीत काढणारा हा सौदा आहे, आणि तो फेटाळणाऱ्यांशी मी सहमत आहे.

हा प्रश्न मराठी घरांपासून दूर आहे असे समजू नये. एडिसनहून डॅलसला नोकरी बदलणाऱ्या एच-१बी धारकाला केंद्रीय कायद्याने पिस्तूल बाळगायलाच बंदी आहे. राज्याचे शिकारीचे लायसन्स असेल तर अपवाद, ज्याची कल्पना आपल्यापैकी फारच थोड्यांना असते. ग्रीन कार्ड मिळाले की बंदी उठते. पण ग्रीन कार्डधारकाला मतदार होता येत नाही, त्यामुळे फ्लोरिडाच्या तीन कृतींपैकी पहिली त्याला बंद. भाड्याच्या घरात असला तर तिसरीही बंद. वास्तव्याचे जाहीरनामापत्र काउंटीत नोंदवणे एवढेच त्याच्या हाती उरते.

उपाय अवघड नाही, आणि काँग्रेसला तो लिहिता येतो हे सिद्ध झालेले आहे. २००४ च्या कायद्याने सेवेतल्या आणि निवृत्त पोलिसांना देशभर पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा दिली. न्यूयॉर्कचा पोलिस निवृत्त होऊन फ्लोरिडात राहायला गेला तर त्याचे काय, हा प्रश्न मसुदा करणारे विसरले नाहीत: दर बारा महिन्यांनी नेमबाजीची पात्रता त्याने जुन्या खात्याच्या निकषांवर द्यावी, किंवा सध्या जिथे राहतो त्या राज्याच्या. शाळा-परिसराच्या कायद्यातही आज जेवढा अपवाद आहे त्याला ‘किंवा त्या राज्याने ठरवलेल्या मुदतीत मान्य केलेला’ एवढी जोड पुरेल. राज्यांनी मुदत ठरवावी, तिची सुरुवात कोणत्या कागदावरच्या तारखेपासून हे लिहावे, आणि अर्जाच्या पावतीला मिशिगनइतकी किंमत द्यावी.